रोहित्रातलं काळं तेल: चुंबकीय नॅनोद्रवांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या फोंडा, डिचोली, म्हापसा इथली बीएस्सी-एमएस्सीची मुलं, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे गट, कुंडई आणि वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतींत देखभाल बघणारे तंत्रज्ञ, आणि मधूनच एखादा लाईनमन, अशा लोकांकडून ट्रान्सफॉर्मरच्या तेलात चुंबकीय नॅनोकण घालण्याविषयी आलेले हे प्रश्न आहेत. जे परत परत येतात तेच इथे घेतले आहेत आणि शब्द शक्यतो विचारणाऱ्यांचेच ठेवले आहेत. कागदोपत्री ‘रोहित्र’ म्हणतात, खांबाखाली उभं राहून सगळे ‘ट्रान्सफॉर्मर’च म्हणतात. मी दोन्ही वापरते. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात परत सांगायचं टाळलं आहे, म्हणून दिलेल्या क्रमांकाचा प्रश्न जरूर उघडून वाचा.

१. चुंबकीय नॅनोद्रव म्हणजे नेमकं काय? तेलात लोखंडाचा कीस घातला की झालं का?

कीस घातलात तर बघता बघता तळाला बसेल आणि वर स्वच्छ तेल राहील. चुंबकीय नॅनोद्रवातले कण साधारण १० नॅनोमीटरचे असतात. एका मिलिमीटरच्या अंतरात असे १ लाख कण ओळीने मावतील. कण बहुधा मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोहाच्या काळ्या ऑक्साईडचे असतात. प्रत्येक कणावर ओलिइक आम्लासारख्या लांब साखळीच्या रेणूंचं वेष्टण असतं, त्यामुळे कण एकमेकांना चिकटत नाहीत. हे सगळं ज्यात तरंगतं ते वाहक द्रव. आपल्या विषयात ते ट्रान्सफॉर्मरचं तेल.

हा प्रकार १९६३ साली नासातल्या स्टीव्ह पॅपेल यांनी रॉकेटच्या इंधनासाठी तयार केला. वजनरहित अवस्थेत इंधन टाकीत कुठेही भटकतं. ते चुंबकीय असेल तर चुंबकाने हव्या त्या तोंडाशी ओढून आणता येईल, ही कल्पना. पुढे तो लाऊडस्पीकरच्या कॉइलमध्ये आणि फिरत्या दांड्यांच्या सीलमध्ये स्थिरावला.

२. व्हिडिओत चुंबक जवळ आणला की द्रवावर काटे उभे राहतात. माझ्या नमुन्यात तसं काहीच होत नाही. नमुना बिघडला का?

नाही. काटे दिसतात तो द्रव खूप दाट असतो. रोहित्रासाठी अभ्यासतात तो इतका पातळ असतो की चुंबकाकडे थोडा झुकला तरी पुष्कळ. दाटपणाचा हिशेब प्रश्न ८ मध्ये आहे.

३. मुळात ट्रान्सफॉर्मरमध्ये तेल असतं कशाला?

दोन कामांसाठी. तांब्याच्या गुंडाळ्या आणि गाभा यांच्यात ठिणगी पडू न देणं, आणि तिथली उष्णता बाहेरच्या रेडिएटरपर्यंत नेणं. छोट्या रोहित्रात पंप नसतो. गरम तेल हलकं होऊन वर चढतं, रेडिएटरच्या नळ्यांतून निवत खाली येतं, आणि हे फिरणं अखंड चालू राहतं.

तिसरी गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे कागद. गुंडाळ्यांवर क्राफ्ट कागद लपेटलेला असतो, आणि रोहित्राचं आयुष्य म्हणजे त्या कागदाचं आयुष्य. तेल बदलता येतं, गाळता येतं. आतला कागद बदलायचा तर अख्खं रोहित्र उघडून गुंडाळी नवी करावी लागते. साध्या कागदासाठी सर्वांत गरम ठिकाणी ९८ अंश सेल्सिअस हे तापमान धरून आयुष्य मोजतात. त्याच्या वर दर ६ अंशांना कागद जीर्ण होण्याचा वेग दुप्पट होतो. म्हणून तेलाने आतलं तापमान ६ अंशांनी जरी कमी ठेवलं तरी ते लहान काम नाही. या विषयाकडे मी ओढली गेले ती याच एका आकड्यामुळे.

४. टीचर, लोखंडाचं ऑक्साईड तर वीज वाहतं. ते तेलात घातल्यावर तेल जास्त लवकर शॉर्ट व्हायला नको का?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि शंका रास्त आहे. मॅग्नेटाइट खरोखरच विजेचा चांगला वाहक आहे. तेलात धातूचा चुरा किंवा ओला तंतू असेल तर तेल विजेच्या कमी दाबाला (व्होल्टेजला) फुटतं, म्हणजे त्यातून ठिणगी आरपार जाते, हे कुठलाही तंत्रज्ञ सांगेल. तरीही १९९८ साली सेगल आणि सहकाऱ्यांनी मॅग्नेटाइटचे नॅनोकण घातलेल्या तेलावर विजेच्या कडकडाटासारखा क्षणिक उच्च दाब देऊन पाहिला, तेव्हा दाब देणारी सुई धन असताना तेल फुटायला लागणारा दाब साध्या तेलाच्या जवळजवळ दुप्पट निघाला.

असं का झालं याचं आज सर्वांत पटणारं उत्तर एमआयटीतल्या मार्कस झान यांच्या गटाने २०१० साली मांडलं. तेलात ठिणगी एकदम पडत नाही. सुईच्या टोकापासून झाडाच्या फांदीसारखी एक वाट तेलातून पुढे सरकते. टोकाशी विद्युतक्षेत्र इतकं तीव्र असतं की तेलाच्या रेणूंतून इलेक्ट्रॉन सुटतात. ते हलके, म्हणून झटकन निघून जातात, मागे जड धनभार उरतो, आणि त्या धनभारामुळे तीव्र क्षेत्र आणखी पुढे ढकललं जातं. फांदी वाढत जाते ती अशी. वाटेत वाहक नॅनोकण असतील तर ते हे इलेक्ट्रॉन पकडतात. कण वाहक असल्यामुळेच ही पकड जवळपास तत्क्षणी होते. आता तोच ऋणभार एका जड कणावर बसलेला आहे आणि सुट्या इलेक्ट्रॉनच्या मानाने हजारो पटींनी मंद चालतो. तो टोकाजवळच रेंगाळतो, क्षेत्र मवाळ करतो, आणि फांदीची धाव मंदावते. ज्या गुणाची आपल्याला भीती वाटत होती, तोच इथे उपयोगी पडतो.

मात्र तीन अटी नीट ध्यानात ठेवा. एक, हा फायदा धन टोकाच्या बाबतीत आहे. सुई ऋण असताना त्याच १९९८ च्या मोजणीत आकडे साध्या तेलाइतके किंवा किंचित कमीच आले होते. दोन, कण सुटे असायला हवेत. गुठळी झाली की ती धातूच्या चुऱ्यासारखीच वागते. तीन, ५० हर्ट्झच्या रोजच्या दाबाला होणारी वाढ कडकडाटाच्या दाबातल्या वाढीइतकी भरवशाची नाही. वेगवेगळ्या अभ्यासांत ती कमीजास्त निघते, आणि माझ्या मते त्यामागे बहुतेक वेळा ओलावा असतो (प्रश्न ७).

आपल्याकडे या अभ्यासाला महत्त्व आहे ते विजांमुळे. एप्रिल-मे महिन्यांत आणि परतीच्या पावसात पेडण्यापासून सत्तरीपर्यंत विजा कडकडतात, आणि उघड्या ११ केव्हीच्या तारांवर पडलेला धक्का थेट रोहित्राच्या तोंडाशी येतो. तिथे आधी तो धक्का जमिनीत वळवणारा लाईटनिंग अरेस्टरच हवा, तेल कितीही चांगलं असलं तरी.

५. हा द्रव प्रयोगशाळेत बनवतात कसा?

सहअवक्षेपणाची, म्हणजे दोन क्षारांच्या द्रावणातून कण एकदम बाहेर पाडण्याची, पद्धत सर्वांत स्वस्त आहे आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत जमते. दोन मोल फेरिक क्षाराला एक मोल फेरस क्षार, हे प्रमाण. समजा ५.४ ग्रॅम फेरिक क्लोराईड आणि २.७८ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट), दोन्ही पाण्याच्या रेणूंसकट स्फटिकरूप. यातून जास्तीत जास्त २.३ ग्रॅम मॅग्नेटाइट मिळतं. पाणी आधी उकळून निववा म्हणजे त्यातला प्राणवायू निघून जाईल, आणि जमत असेल तर वर नायट्रोजन सोडत राहा. हिराकस ताजी, हिरवट हवी. डब्यात पडून पिवळी-तपकिरी झालेली असेल तर तिच्यातलं बरंचसं लोह आधीच फेरिक झालेलं असतं आणि प्रमाण चुकतं.

जोरात ढवळत अमोनिया ओतला की नारिंगी द्रावण डोळ्यांदेखत काळं होतं. कितीही वेळा पाहिलं तरी मी त्या क्षणाला हातातलं काम थांबवून बघते. मग सुमारे ८० अंशांपर्यंत तापवून ओलिइक आम्ल घालायचं. किती, ते हिशेबाने काढा. १० नॅनोमीटरच्या एक ग्रॅम कणांचं पृष्ठफळ जवळजवळ ११५ चौरस मीटर भरतं, म्हणजे एका ऐसपैस फ्लॅटची सगळी जमीन. २.३ ग्रॅमांवर एकेरी थर बसवायला सुमारे अर्धा ग्रॅम ओलिइक आम्ल पुरतं. थर बसला की कणांना पाणी नकोसं होतं. डांबरासारखा काळा गोळा वेगळा पडतो आणि भोवतीचं पाणी स्वच्छ दिसू लागतं. हे दिसलं नाही तर पुढे जाऊ नका.

गोळा ऊन पाण्याने धूत राहायचं. धुवण घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका. पांढुरकं झालं तर क्लोराईड अजून शिल्लक आहे. मग ॲसिटोनने धुऊन जास्तीचं ओलिइक आम्ल आणि पाणी काढा, आणि गोळा कोमट तेलात विरघळवा. शेवटी बाटली रात्रभर चुंबकावर ठेवून तळाला आलेला गाळ टाकून द्या. वरचा भागच आपला.

६. माझा द्रव काळा न राहता तपकिरी झाला. का?

मॅग्नेटाइटचं हवेतल्या प्राणवायूने मॅगहेमाइट झालं. तेही चुंबकीय असतं, त्यामुळे बाटलीला चुंबक लावून फरक कळणार नाही. विजेच्या दृष्टीने मात्र फरक मोठा आहे, कारण मॅगहेमाइट मॅग्नेटाइटइतकं वाहक नाही आणि प्रश्न ४ मधलं सगळं स्पष्टीकरण वाहकतेवर उभं आहे. एक्स-रे विवर्तनात दोघांच्या रेषा इतक्या जवळ येतात की तेवढ्यावर ‘शुद्ध मॅग्नेटाइट’ असं लिहून टाकू नका.

७. बीडीव्ही चाचणीत दर वेळी वेगळा आकडा येतो. माझं काय चुकतं?

बीडीव्ही म्हणजे तेल फुटतं तो दाब. आधी पद्धत पाहा. इलेक्ट्रोडमधलं अंतर २.५ मिलिमीटर, दाब सेकंदाला २ केव्ही या वेगाने वाढवायचा, सहा वाचनं घ्यायची आणि सरासरी काढायची. तेल ओतल्यावर पहिल्या वाचनाआधी ५ मिनिटं आणि दोन वाचनांमध्ये २ मिनिटं थांबायचं, म्हणजे बुडबुडे आणि ठिणगीचा काजळ निघून जातो. सहाही वाचनं नोंदवा. सरासरीपेक्षा त्यांच्यातला विखुरलेपणा जास्त सांगून जातो.

पद्धत बरोबर असूनही आकडे नाचत असतील तर ओलावा मोजा. पहिल्या वर्षी मी स्वतः इथेच फसले. जुलै महिना होता. द्रव मन लावून बनवला होता, कण सुंदर सुटे होते. नमुना एका साध्या बाटलीतून स्कूटरवरून दुसऱ्या प्रयोगशाळेत नेला, तिथे पंख्याखाली उघड्या चंबूत ओतला आणि चाचणी लावली. आकडा साध्या तेलाच्या निम्म्याहून खाली आला. नॅनोकणांनी तेलाची वाट लावली, असं वहीत लिहिलं आणि महिनाभर खिन्न होते. डिसेंबरात तेच तेल निर्वातात तापवून कोरडं केलं आणि परत तपासलं, तर कणांचा नमुना साध्या तेलाच्या पुढे गेला. वहीतलं ते पान मी अजून ठेवलं आहे.

कारण समजून घ्या. खनिज तेलात पाणी फार थोडं विरघळतं. साधारण तापमानाला दहा लाख भागांत ५०-६० भाग झाले की तेल तृप्त. त्याच्या निम्म्याच्या पुढे गेलं की फुटण्याचा दाब झपाट्याने घसरतो. पावसाळ्यात आपल्याकडे घरातल्या भिंतींना पाणी सुटतं, मग उघड्या चंबूतल्या तेलाचं काय सांगावं! त्यात कणांचं पृष्ठफळ एवढं मोठं, त्यावर पाण्याचे रेणू बसतात. दिसायला सारख्याच दोन नमुन्यांत एक कोरडा आणि एक दमट असू शकतो.

म्हणून साधं तेल आणि नॅनोद्रव एकाच दिवशी, एकाच तऱ्हेने वाळवून, एकाच चंबूत मोजा, आणि दोघांचाही ओलावा कार्ल फिशर पद्धतीने काढून आकड्याशेजारी लिहा. ओलावा न लिहिलेल्या बीडीव्हीवर मी विश्वास ठेवत नाही, मग तो छापील लेखात असो वा विद्यार्थ्याच्या वहीत.

८. तेलात किती कण घालायचे? जास्त घातले तर जास्त फायदा ना?

नाही. फुटण्याचा दाब आधी वाढतो, एका बिंदूला टेकतो आणि मग उतरतो. कण दाटले की एकमेकांना गाठतात, गुठळ्या होतात आणि इलेक्ट्रॉन अडवण्याऐवजी त्यांना पायऱ्या मिळतात. विद्युतरोधासाठी आकारमानाने शेकडा एकाच्या बराच खालचा भाग अभ्यासायचा असतो.

उष्णतेचा हिशेब उलट दिशेने जातो. साध्या सूत्राने शेकडा १ कण घातले तर उष्णतावाहकता सुमारे शेकडा ३ वाढते. शेकडा ०.१ घातले तर वाढ ०.३. ती मोजायला उपकरणही तितकंच अचूक हवं. तेवढ्यासाठी कोणी रोहित्र उघडणार नाही. खरी आशा वाहकतेत नसून तेलाच्या फिरण्यात आहे, त्यासाठी पुढचा प्रश्न पाहा. कण वाढले की तेल दाट होतं आणि तेच फिरणं मंदावतं, हेही लक्षात असू द्या. विजेला कमी कण हवेत, चुंबकीय अभिसरणाला जास्त हवेत, अशी ही ओढाताण आहे. या विषयाचा बराचसा अभ्यास तिच्यातून वाट काढण्याचा आहे.

९. चुंबकीय असल्याने तेल थंड राहतं असं वाचलं. चुंबकत्वाचा आणि थंडाव्याचा काय संबंध?

चुंबकीय द्रव तापला की त्याचं चुंबकत्व कमी होतं. गुंडाळीजवळ गळतीचं, म्हणजे गाभ्याबाहेर निसटलेलं, चुंबकीय क्षेत्र असतं आणि उष्णताही तिथेच. थंड द्रव जास्त चुंबकीय, म्हणून तो क्षेत्राकडे ओढला जातो आणि तिथल्या गरम द्रवाला बाजूला सारतो. नेहमीच्या हलकं-जड फिरण्यात ही आणखी एक ओढ मिळते, तीही पंपाशिवाय. क्षेत्र सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होत असलं तरी बिघडत नाही, कारण १० नॅनोमीटरच्या कणाचं चुंबकत्व सेकंदाच्या अब्जांश भागांत वळतं आणि ओढ कायम जास्त क्षेत्राच्याच दिशेने राहते.

अडचण अशी की मॅग्नेटाइटचं चुंबकत्व पूर्ण जातं ५८५ अंशांच्या आसपास. रोहित्राच्या ३० ते ९० अंशांत ते थोडंच बदलतं, म्हणून ओढही लहान. याच कारणाने मँगनीज-झिंक फेराइटकडे लोक वळतात. त्याचं हे तापमान घटकांचं प्रमाण बदलून बरंच खाली आणता येतं. पण तीन धातूंचं प्रमाण सांभाळून दर वेळी तेच कण बनवणं कष्टाचं आहे. पहिल्या प्रकल्पाला मॅग्नेटाइटच घ्या.

१०. कण वर्षभरात खाली बसणार नाहीत का?

सुटे राहिले तर नाही, गुठळी झाली तर लगेच. आकडे पाहा. ४० अंशांच्या तेलात १० नॅनोमीटरचा सुटा कण वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर खाली सरकेल, आणि तेवढं तर तेलाचं फिरणं पुसून टाकतं. तेच कण चिकटून एक मायक्रोमीटरची गुठळी झाली की ती दिवसाला दोनेक सेंटिमीटर उतरते. कणाचा आकार शंभरपट, बसण्याचा वेग दहा हजारपट.

ओलिइक आम्लाची साखळी सुमारे २ नॅनोमीटर लांब असते. दोन कणांत दोन्ही बाजूंनी मिळून ४ नॅनोमीटरचं अंतर राहिलं की त्यांचं चुंबकीय आकर्षण निम्म्याहूनही कमी होतं आणि उष्णतेच्या धक्क्याला ते सुटे ठेवता येतात. वेष्टण झिजलं की संपलं. प्रश्न असा की ९० अंशांत, तांब्याच्या आणि कागदाच्या संगतीत, वेष्टण वीस-पंचवीस वर्षं टिकेल का. प्रयोगशाळेतल्या बाटलीत सहा महिने टिकलं यावरून ते ठरत नाही.

११. आतला गाभा स्वतःच चुंबक आहे. तो सगळे कण ओढून घेणार नाही का?

गाभ्यातलं जोरदार क्षेत्र पोलादाच्या आतच राहतं. तेलात येते ती गळती. तिच्यात सुट्या कणावरची ओढ आणि उष्णतेचा धक्का जवळपास तोलामोलाचे असतात, त्यामुळे थोडी दाटी होईल, पूर्ण चिकटणार नाही. १०० नॅनोमीटरच्या गुठळीवर मात्र ओढ हजारपट. सगळं परत प्रश्न १० वरच येतं.

मला जास्त काळजी वाटते ती लहानसहान चुंबकांची. तेलाची पातळी दाखवणाऱ्या चुंबकीय गेजमध्ये आणि आत वायू साठला की इशारा देणाऱ्या बऱ्याच बुखोल्झ रिलेंच्या रीड स्विचमध्ये कायम चुंबक असतो. त्याभोवती कणांची दाढी वाढली तर काटा अडकेल, रिले वेळेवर वाजणार नाही. हे सहज करण्यासारखे प्रयोग आहेत. जुना गेज मिळवा आणि द्रवात महिनाभर बुडवून ठेवा.

१२. फिल्टर मशीन आणि नेहमीच्या तेलाच्या चाचण्या चालतील का?

निम्म्या चाचण्या नव्याने बसवाव्या लागतील.

रंग पाहून तेलाची अवस्था सांगणारे तंत्रज्ञ आपल्याकडे आहेत. फिकट पिवळं, मधाचं, चहाचं, असे त्यांचे टप्पे डोळ्यांत बसलेले असतात. काळ्या तेलात तो अनुभव वाया जातो. आम्लतेची चाचणीही फसवते, कारण ओलिइक आम्ल स्वतःच आम्ल आहे. तेलात ते मोकळं शेकडा ०.१ उरलं तरी आम्लता ग्रॅममागे ०.२ मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साईड दाखवते, आणि नव्या तेलाची मर्यादा ०.०१ आहे. तेल जुनं झालं नसताना जुनं दिसेल. म्हणून प्रश्न ५ मधलं ॲसिटोनचं धुणं मनापासून करा.

फिल्टर मशीनच्या जाळ्या मायक्रोमीटरच्या मापाच्या असतात. सुटे कण आरपार जातील, गुठळ्या अडकतील, आणि ते चांगलंच. पण जुनं तेल सुधारायला जी मुलतानी माती वापरतात ती इथे चालणार नाही. ती वेष्टण ओढून घेते. तेलात विरघळलेल्या वायूंची तपासणी तत्त्वतः करता येते, फक्त कणांमुळे वायूंच्या प्रमाणात काही फरक पडतो का हे साध्या तेलाशी ताडून पाहावं लागेल.

१३. आमच्या वाड्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये हे तेल घालता येईल का? पावसात लायट फार जाते.

नाही, आणि कृपया कोणी तसा प्रयत्न करू नये. ते रोहित्र वीज खात्याचं आहे आणि त्यातलं तेल ठरलेल्या मानकाचंच असतं. शिवाय पावसात लायट जाते ती बहुतेक वेळा तारांवर कलंडलेल्या फांदीमुळे, तुटलेल्या इन्सुलेटरमुळे किंवा उडालेल्या फ्यूजमुळे. कुळागरातून जाणाऱ्या लाईनवर पोफळ आडवी पडली तर तेल काय करणार? रोहित्रात जाणारी हवा कोरडी करणाऱ्या ब्रीदरमधली निळी सिलिका जेल गुलाबी पडलेली दिसली तर मात्र खात्याला जरूर कळवा. तेल ओलावा पिऊ लागल्याची ती खूण आहे. हात लावू नका, कुंपणाबाहेरूनच पाहा.

१४. गोव्याच्या खनिजापासून हे कण बनवता येतील का? खाणींवर टाकाऊ माती ढिगांनी पडली आहे.

रसायनशास्त्र होकार देतं. डिचोली, सत्तरी, सांगे भागातलं खनिज मुख्यतः हेमाटाइट आणि गोएथाइट, म्हणजे फेरिक लोहाचं. ते हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवायचं, न विरघळलेली वाळू गाळून टाकायची, द्रावणाच्या एका भागातलं लोह लोखंडाच्या किसाने फेरस करायचं आणि पुढे प्रश्न ५ प्रमाणे जायचं. विद्यार्थ्यांनी हे जरूर करून पाहावं. आपल्या पायाखालच्या तांबड्या मातीतून काळा चुंबकीय गोळा निघताना पाहणं हे मोठं शिक्षण आहे.

पण टाकाऊ ढिगांचा प्रश्न यातून सुटेल असं कोणी सांगितलं तर त्याला हिशेब विचारा. २०० लिटर तेलाच्या रोहित्रात आकारमानाने शेकडा ०.०५ कण घालायचे तर मॅग्नेटाइट लागतं अर्धा किलो. अर्धा किलो! गोव्यातल्या सगळ्या रोहित्रांना मिळून लागणारा माल एका ढिगाच्या कोपऱ्यातही दिसणार नाही. वर, खनिजातून ॲल्युमिनियम आणि मँगनीज द्रावणात येतात आणि विजेच्या कामाला शुद्धता हवी असते. या कणांचा पाण्यातली घाण ओढून काढायला उपयोग करणं खनिजाला जास्त शोभेल.

१५. खनिज तेलाऐवजी खोबरेल वापरलं तर? आपल्याकडे नारळ आहेतच.

विचार चांगला आहे आणि श्रीलंकेत खोबरेल तेलावर असे अभ्यास झालेही आहेत. वनस्पती तेलांना आग लागायला ३०० अंशांच्या वरचं तापमान लागतं, सांडली तर मातीत कुजून जातात, आणि खनिज तेलापेक्षा कितीतरी पट जास्त पाणी पोटात घेऊनही विजेला तोंड देतात. दमट हवेला हा शेवटचा गुण फार मोलाचा. खोबरेलाचा दोष तुम्हाला घरातच ठाऊक आहे. डिसेंबरातल्या सकाळी बाटली उलटी केली तरी पडत नाही. २४-२५ अंशांच्या आसपास ते गोठू लागतं, आणि बंद पडलेलं रोहित्र पहाटे चालू केलं तर तेल फिरणारच नाही. शिवाय हवेशी संपर्क आला की वनस्पती तेलं लवकर खवट होतात, म्हणून टाकी हवाबंद लागते. त्यात मॅग्नेटाइट घालायचं तर लोह हे खवटपणाला चालना देतं, हेही तपासायला हवं. करंज तेलावर काम करणाऱ्यांनी हीच काळजी घ्यावी.

१६. हाताळताना धोका काय?

अमोनिया आणि ॲसिटोनसाठी हवा खेळती हवी, ॲसिटोनजवळ ज्योत नको. सुकी नॅनोपूड उडू देऊ नका, कण ओलेच हाताळा. वापरलेलं तेल मोरीत ओतू नका. ते धोकादायक कचऱ्यात मोडतं आणि परवानाधारकाकडेच द्यायचं असतं.

१७. गोव्यात राहून यावर काम करायचं असेल तर कुठल्या शाखेत जावं?

हा विषय एका खोलीत मावत नाही. कण रसायनवाले बनवतात, चुंबकत्व भौतिकवाले मोजतात, उच्च दाब विद्युत अभियंत्यांच्या हातात असतो. ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठ, फर्मागुडीला गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय आणि आयआयटी, कुंकळ्ळीला एनआयटी, झुआरीनगरला बिट्स, अशा संस्था तासा-दीड तासाच्या अंतरात आहेत. एका ठिकाणी नसलेलं उपकरण दुसरीकडे असू शकतं. विभागप्रमुखांना आधी पत्र लिहा, नमुना किती आणि काय मोजायचं ते स्पष्ट सांगा. मुलं संकोचतात. संकोचू नका.

१८. प्रकल्पाला सहाच महिने आहेत. काय निवडू?

‘शेकडा किती कण घातले तर बीडीव्ही किती वाढला’ हा आलेख पुष्कळांनी काढला आहे. तो परत काढण्यापेक्षा कागद घ्या. तेल, कण, क्राफ्ट कागद आणि तांब्याची पट्टी बंद बाटल्यांत घालून ओव्हनमध्ये ठेवा. सोबत कणांशिवायच्या तितक्याच बाटल्या. दर दोन आठवड्यांनी दोन्हीतली एकेक काढून ओलावा, आम्लता, बीडीव्ही मोजा आणि कागद ओढून पाहा, किती जोराला फाटतो ते. जूनमध्ये सुरू केलंत तर बाटल्यांची बुचं मेणाने बंद करा, आणि प्रत्येक बाटलीवर भरल्याची तारीख, त्या दिवसाची हवेतली आर्द्रता आणि तेलाचा ओलावा पेन्सिलीने लिहा. शाई तेलात पुसली जाते.